वळिवड्याच्या छावणींतील शाळा

पुष्कळ दुःख भोगलेल्या मुलाला शाळेंत केव्हां घालावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. आधीं पोटाला अन्न, मग अंगाला वस्त्र, मग मनाला विसांवा आणि सर्वांत शेवटीं पाटी-पेन्सिल, असें त्याचें ठरलेलें उत्तर आहे. दुष्काळ पडला, साथ आली, नदीला पूर आला, धरणीकंप झाला, कीं शाळा बंद करावयाच्या आणि सारें स्थिरस्थावर झालें म्हणजे उघडावयाच्या, अशीच आपल्याकडील रीत. हा क्रम उलटा लावून पाहिल्याचें एक मोठें उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरच घडलेलें आहे. परंतु कोल्हापूरकरांखेरीज तें फारसें कोणाच्या ध्यानांत राहिलेलें दिसत नाहीं. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर, कोल्हापूर शहरापासून जवळच, वळिवडे नांवाचें गांव आहे. सन १९४३ पासून १९४८ पर्यंत या गांवाच्या शिवारांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत नांदत होती. तींत दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होतें, नाटकगृह होतें, टपालकचेरी होती. परंतु या सर्वांना एकत्र बांधून ठेवलें तें तेथील शाळांनीं.

हीं माणसें येथवर आलीं कशीं, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएट रशियानें पूर्वेकडून. रशियाच्या ताब्यांत गेलेल्या मुलुखांतून १० फेब्रुवारी १९४० पासून पुढच्या वर्षाच्या जूनपर्यंत चार खेपांनीं कुटुंबेंच्या कुटुंबें उचलण्यांत आलीं, मालगाड्यांत कोंडण्यांत आलीं आणि सायबेरियाच्या अरण्यांत किंवा कझाकस्तानच्या माळरानांत नेऊन टाकण्यांत आलीं. पुढें जर्मनीनें रशियावरच चाल केली. तेव्हां ३० जुलै १९४१ रोजीं लंडनमधील पोलिश सरकारचा रशियाशीं करार झाला आणि या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता घडला होता, हें मात्र शेवटपर्यंत कोणीं सांगितलें नाहीं. सेनापति आंदेर्स यांनीं उभारलेल्या फौजेच्या मागोमाग बायकामुलें दक्षिणेकडे निघालीं, आणि १९४२ च्या वसंतांत व पुन्हां ऑगस्टांत कास्पियन समुद्र ओलांडून सुमारें एक लक्ष पंधरा हजार माणसें इराणच्या पहलवी बंदरांत उतरलीं. पुरुष सैन्यांत गेले. बायकामुलांना कोणाला आफ्रिकेंत, कोणाला मेक्सिकोंत, कोणाला न्यूझीलंडमध्यें, कोणाला हिंदुस्थानांत आसरा मिळाला. कराचीच्या तात्पुरत्या तळावरून आगगाडीनें जीं वळिवड्यास येऊन पोहोंचलीं, त्यांत धडधाकट पुरुष असे जवळजवळ नव्हतेच.

वळिवड्याच्याही आधीं एक लहान वसाहत नवानगर संस्थानांत समुद्रकांठीं बालाचडी येथें निघाली होती. ती केवळ मुलांची. त्यांतील पुष्कळ अनाथ, किंवा आईबाप असून त्यांचा ठावठिकाणा नसलेलीं. पहिली तुकडी १९४२ सालीं अश्काबादहून ट्रकांमधून डोंगर आणि वाळवंटें ओलांडीत मुंबईस आली आणि कांहीं आठवडे वांद्र्यास राहून मग बालाचडीस गेली. त्या प्रवासांत मुलांबरोबर हांका ओर्दोनूव्ना ही पोलंडची विख्यात गायिका होती. सोव्हिएट बंदिवासानें तिची स्वतःची प्रकृति ढांसळलेली होती. नवानगरचे अधिपति जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं मुलांना सांगितलें कीं, त्यांनीं आपणांस बापू समजावें. बालाचडीची एक गोष्ट तेथील मुलें म्हातारपणींही सांगत असत. भोजनगृहांत पालकाची भाजी वरचेवर येऊं लागली. मुलांना ती नकोशी झाली आणि त्यांनीं चक्क संप पुकारला. जामसाहेबांच्या कानीं हें गेलें. त्यांनीं मुलांची बाजू घेतली आणि पालक बंद करण्याचा हुकूम सोडला.

गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी आहे खरी. परंतु ज्या मुलांना कोठें न्यावयाचें, काय खाऊं घालावयाचें, कोणाजवळ ठेवावयाचें हें दोन वर्षें परक्यांनींच ठरविलें होतें, त्यांचें ‘नको’ हा शब्द कोणीतरी ऐकून घेतला, आणि ऐकून घेणारा राजा होता. मनाला उभारी येते ती पुष्कळदां अशाच क्षुल्लक दिसणाऱ्या जागेपासून. आपल्या बोलण्यानें जगांत कांहीं घडतें, निदान ताटांतली भाजी बदलते, एवढा अनुभव मुलाला यावा लागतो. सांत्वनाचीं शंभर वाक्यें त्याची बरोबरी करूं शकत नाहींत.

या मुलांची अवस्था कशी होती? इराणांत त्यांना उतरवून घेणाऱ्यांनीं नमूद करून ठेवलें आहे कीं, पोटभर जेवूनही हीं मुलें पावाचे तुकडे उशाखालीं आणि अंथरुणाखालीं लपवून ठेवीत. सकाळीं पुन्हां पाव मिळणार आहे हें डोक्याला पटे, हाताला पटत नसे. कित्येकांनीं वाटेंत आई गमावली होती, कित्येकांनीं धाकटीं भावंडें. परंतु भुकेपेक्षां आणि वियोगापेक्षांही शिक्षकाला अवघड जाणारी एक गोष्ट असते, तिचा विचार सहसा होत नाहीं. बारा वर्षांचा मुलगा घराचा कर्ता झालेला असतो. रांगेंत उभें राहून त्यानें भाकरी मिळविलेली असते, पहारेकऱ्याशीं खोटें बोलून आजारी आईला वांचविलेलें असतें, वेळ पडली तेव्हां चोरीही केलेली असते. त्याला आतां बांकावर बसवून पाढे म्हणावयास लावावयाचे, आणि तेही कदाचित् नऊ वर्षांच्या पोरांशेजारीं. कारण मधलीं दोन-अडीच वर्षें त्याच्या हातून निसटलेलीं. त्याला लहान म्हटलें तर तो दुखावतो आणि मोठा म्हटलें तर त्याचें उरलेलें बालपणही जातें. जगांतील कोणत्याही आपत्तीनंतर उघडलेल्या शाळेंत हा मुलगा असतो. तो बहुधा मागच्या बांकावर असतो आणि त्याच्या पुस्तकावर शेरा असतो तो उद्धटपणाचा.

वळिवड्यास शाळा निघाल्या त्या अशा मुलांसाठीं. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, त्यापुढील उच्च वर्ग, धंदेशिक्षणाची शाळा आणि शिक्षक तयार करणारें विद्यालय, एवढा पसारा त्या कौलारू बराकींत थोड्याच अवधींत उभा राहिला. पुस्तकें अर्थात् नव्हतीं. पोलिश क्रमिक पुस्तकें पुढें जेरुसलेमला छापून निरनिराळ्या देशांतील वसाहतींकडे जाऊं लागलीं. तोंपर्यंत शिक्षकाला जें पाठ असेल तेंच पुस्तक. मुलें वह्यांत उतरून घेत. ज्यांना घरदार नाहीं, देश नाहीं, ज्यांच्या अंगावर दान आलेले कपडे, त्यांच्याजवळ स्वतःच्या अक्षरांत लिहिलेलें एक पुस्तक जमत जाई. आणि लिहिणाऱ्याचें नांव पहिल्या पानावर असे.

शाळेच्या घंटेचें महत्त्व ज्यांनीं सुखांत शाळा पाहिली त्यांना कळणार नाहीं. घंटा म्हणजे दिवसाला आकार. छावणींतील जीवनाचा सर्वांत मोठा शत्रु उपासमार नसून रिकामा वेळ हा असतो. भूक भागली कीं तोच माणसाला खाऊं लागतो. अमुक वाजतां गणित, अमुक वाजतां भूगोल, शनिवारीं परीक्षा, पुढच्या महिन्यांत नाटक, अशी बांधणी झाली म्हणजे मन त्या खुंट्यांना धरून चालूं लागतें. शिक्षिका “हें उद्यां करून आणा” म्हणते, तेव्हां ती उद्यांचा दिवस उगवेल, मुलें येथेंच असतील आणि वही पाहावयास तीही असेल, अशीं तीन वचनें एका वाक्यांत देऊन टाकते. पहाटे दारावर थाप पडून ज्याचें घर गेलें त्या मुलाला या तीन वचनांची किंमत फार मोठी. तीं रोज पाळलीं जातात असा अनुभव महिनोन्‌महिने आला, म्हणजे उशाखालचा पाव आपोआप नाहींसा होतो. तो हिसकावून घ्यावा लागत नाहीं.

शिवाय भाषा होती. वनवासांत ज्या भाषेंत पुटपुटावें लागलें तींत आतां मोठ्यानें कविता म्हणावयाच्या, भांडावयाचें, नाटक करावयाचें. नाताळ, ईस्टर आणि ३ मेचा राष्ट्रीय सण हे कोल्हापूरच्या आभाळाखालीं थाटानें साजरे होत. मातृभाषेंतून शिक्षण या विषयावर आपल्याकडे बौद्धिक विकासाच्या बाजूनें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु दुःखाला वाचा फुटते ती आईच्याच भाषेंत, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आश्रमशाळेंत आलेल्या भिल्ल किंवा गोंड मुलाचा अबोला हा पुष्कळदां मंदपणा समजला जातो. त्याची उकल बहुधा येथें सांपडेल.

आतां शिक्षकांविषयीं. मुलांना कोणीं सांवरलें हें विचारतांना त्यांना सांवरणाऱ्यांना कोणीं सांवरलें, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. वळिवड्याच्या शिक्षिका आणि थोडे शिक्षक हे त्याच मालगाड्यांतून आलेले होते. शिकविण्याचें रीतसर शिक्षण झालेल्यांची वाण होती, आणि त्या उणीवेमागें एक भीषण कारणही होतें. पोलंडच्या राखीव सैन्यांत शिक्षक, डॉक्टर, वकील असे सुशिक्षित पुरुष अधिकारी म्हणून असत. १९३९ सालीं त्यांतले हजारों रशियाच्या हातीं लागले, आणि १९४० च्या वसंतांत सुमारें बावीस हजार कैद्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. कातिनच्या अरण्यांतील प्रेतांचे खड्डे जर्मनांनीं एप्रिल १९४३ मध्यें जगाला दाखविले. म्हणजे वळिवड्याची वसाहत मांडली जात होती त्याच सुमारास. ज्या स्त्रिया तीन वर्षें पतीच्या पत्राची वाट पाहत होत्या त्यांना ही वार्ता येथें ऐकावी लागली. सकाळची घंटा मात्र व्हावयाचीच होती.

अशा लोकांपैकीं एकाचें नांव इतिहासांत राहिलें आहे. झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हा तरुण घोडदळ अधिकारी कोझेल्स्कच्या बंदिशाळेंत होता. तेथील साडेचार हजारांच्या आसपास अधिकाऱ्यांपैकीं बहुतेक सर्व कातिनला मारले गेले. जे थोडे जिवंत राहिले त्यांत हा एक. वळिवड्यास त्याच्याकडे बालवीरांच्या पथकांचें काम आलें. सोबत्यांच्या मरणाची बातमी ताजी असतांना पंचविशींतल्या या माणसानें मुलामुलींचीं पथकें बांधलीं, शेकोट्या पेटविल्या, सहली काढल्या, गाणीं म्हणवून घेतलीं. पुढें तो अमेरिकेंत धर्मोपदेशक झाला आणि २००७ सालीं निधन होईपर्यंत कातिनच्या मृतांच्या कुटुंबांसाठीं झटत राहिला. जी व्यथा त्यानें आयुष्यभर जवळ बाळगली तिच्यासह तो मुलांत वावरत होता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. दुःख पूर्ण विसरल्यावांचून दुसऱ्याला आधार देतां येत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. येथें त्याचा उलटाच पुरावा दिसतो. मुलांना तो हवा होता आणि हवें असणें हेंच त्याचें औषध झालें असावें.

तथापि येथें एक धोका आहे आणि तो लपवूं नये. “काम करीत राहा म्हणजे दुःख विसराल” हा उपदेश अर्धाच खरा आहे. काम माणसाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेतें. रात्र त्याची त्यालाच काढावी लागते. त्या काळीं न रडणें हा सद्गुण समजला जाई, आणि पोलिश मातांनाही तो मोठ्या अभिमानानें शिकविलेला होता. मुलांपुढें धीट राहावयाचें हें ठीक. परंतु ज्या शिक्षिकेला धीट न राहण्याची एकही जागा नाहीं, ती हळूहळू कोरडी होत जाते. ती मारकुटी होते, किंवा तुसडी होते, किंवा मुलांकडे न पाहतां शिकवूं लागते. वळिवड्याच्या शिक्षिकांना एक गोष्ट अनुकूल होती: त्या एकट्या नव्हत्या. शेजारच्या खोलींत तशीच दुसरी स्त्री होती, तिचेंही तेंच गेलेलें. ओसरीवर बसून चहा घेतांना सगळें सांगावें लागत नसे, कारण ऐकणारीला तें ठाऊकच असे. आजच्या भाषेंत याला समदुःखी गटाचा आधार म्हणतील. त्यांना तें नुसतें शेजारपण वाटत असेल. आणि शिक्षक तयार करणारें विद्यालय निघाल्यामुळें आणखी एक गोष्ट साधली: काल जी मुलगी बांकावर होती ती उद्यां शिकविणार होती, म्हणजे ओझें घ्यावयास नवे खांदे येत होते.

याच वर्षांत तिकडे लंडनमध्यें ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी युद्धामुळें घर सुटलेल्या मुलांसाठीं हॅम्पस्टेड येथें शिशुगृहें चालवीत होत्या. त्यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष त्या काळीं अनेकांना अनपेक्षित वाटला. बाँबवर्षावापेक्षां आईपासूनची ताटातूट मुलाला अधिक मोडते. आई जवळ आणि शांत असली तर मूल पुष्कळ कांहीं सोसतें. मग त्यांनीं चार-पांच मुलांमागें एक ठराविक परिचारिका नेमून लहान लहान ‘कुटुंबें’ केलीं. प्रथम घोटाळाच उडाला. मुलें आपल्या परिचारिकेसाठीं भांडूं लागलीं, मत्सर करूं लागलीं, ती बाहेर गेली तर आक्रोश करूं लागलीं. परंतु त्याबरोबर त्यांची खुंटलेली वाढही पुन्हां सुरू झाली. वरवर शांत असलेलें मूल सुखी असेलच असें नाहीं, आणि रडूं लागलेलें मूल बिघडलें असेंही नाहीं, हा धडा प्रत्येक वर्गशिक्षकानें घेण्याजोगा आहे. या गृहांतील परिचारिकांत जर्मनी-ऑस्ट्रियांतून पळून आलेल्या अनेक तरुण मुली होत्या. मुलांविषयीं जें दिसेल तें त्या रोज टिपून ठेवीत आणि एकत्र बसून त्यावर बोलत. उद्देश शास्त्राचा होता. परंतु दिवसभर मुलांचें दुःख अंगावर घेतलेल्या त्या मुलींना बोलावयास रोज एक जागा मिळे, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

पुढील काळांत या विषयाचा दीर्घ अभ्यास झाला. हवाई बेटांपैकीं कौआई येथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीं चाळिशीस पोहोंचेपर्यंत घेतला. त्यांतील सुमारें एकतृतीयांश मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, घरांतील व्यसन, कलह, आईचें मनाचें दुखणें यांपैकीं अनेक संकटें एकदम आलेलीं. या मुलांतही तीनांपैकीं एक मूल नीट, कर्तृत्ववान, मायाळू माणूस झालें. त्यांच्या आयुष्यांत काय वेगळें होतें? इतर गोष्टींबरोबर पुन्हां पुन्हां आढळलें तें एवढेंच, कीं निदान एक मोठें माणूस त्यांच्या पाठीशीं न डगमगतां उभें होतें. कधीं आजी, कधीं मावशी, आणि घराबाहेर बहुधा एखादी शिक्षिका. पौगंडावस्थेंत घसरलेल्यांपैकींही पुष्कळ पुढें तिशींत सांवरले. मात्र या शोधाचा एक दुरुपयोग होऊं शकतो आणि तो होतही असतो. तीनांतलें एक उभें राहिलें म्हणून उरलेल्या दोघांना “तुमच्यांत दम नाहीं” असें म्हणतां येत नाहीं. उभारी हा मुलाच्या अंगचा दागिना नव्हे. ती त्याच्या आणि कोणातरी दुसऱ्याच्या मधें तयार होते. दुसरा माणूसच नसेल तर दोष मुलाचा कसा?

आपल्या देशांत हा विषय आज किती निकडीचा आहे, तें सरकारी आंकड्यांवरून दिसतें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केल्या, आणि राज्यवार पाहतां सर्वांत मोठा आंकडा महाराष्ट्राचा होता. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें याची दखल घेऊन आदेश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेंत निदान एक शिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडूं नयेत, चारचौघांत मुलाचा पाणउतारा करूं नये आणि शिक्षक व इतर नोकरवर्ग यांस वर्षांतून निदान दोनदां या विषयाचें शिक्षण द्यावें, असें त्यांत आहे. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेला १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक विनामूल्य आणि अहोरात्र चालतो. तो मुलांप्रमाणेंच शिक्षकांसाठींही आहे, हें पुष्कळ शिक्षकांच्या लक्षांत येत नाहीं.

हें सारें योग्यच झालें. परंतु शंभराहून कमी पटाची शाळा आपल्या खेड्यांत जागोजाग आहे, आणि तेथें समुपदेशक म्हणजे तोच एक किंवा दुसरा गुरुजी. त्याच्याकडे दोन-तीन इयत्ता एका खोलींत असतात. शिवाय निवडणुकीचें काम, जनगणना, पोषण आहाराचे हिशेब आणि संगणकावर भरावयाचे तक्ते असतात. शेतकरी बापानें गळफास घेतलेलें मूल दहाव्या-बाराव्या दिवशीं वर्गांत येऊन बसतें, तेव्हां त्याच्याशीं पहिला शब्द बोलावयाचा असतो तो या गुरुजीनें. त्याचें काय चाललें आहे, हें विचारण्यास केंद्रप्रमुख येत नाहीं. तो येतो तक्ते तपासण्यास. केंद्रांतील शिक्षकांची परिषद भरते तींत परिपत्रकें वाचलीं जातात. त्या सभेंतील एक तास “या महिन्यांत कोणतें मूल जड गेलें” एवढ्याच बोलण्यासाठीं राखून ठेवला, वरिष्ठांनीं तेवढा वेळ खोलीबाहेर राहण्याचें सौजन्य दाखविलें आणि त्या बोलण्याची कोठेंही नोंद केली नाहीं, तर खर्च कांहींच येणार नाहीं. हॅम्पस्टेडच्या परिचारिकांना आणि वळिवड्याच्या ओसरीवरील बायकांना जें मिळालें तें इतकेंच होतें.

वळिवड्याच्या शिक्षकांची सर्वांत कठीण परीक्षा मात्र पुढें आली, आणि ती युद्ध संपल्यामुळें आली. दोन वर्षें वर्गांत नकाशा टांगून ल्वूव कोठें, विल्नो कोठें, आपलें गांव कोणत्या नदीच्या कांठीं, हें मुलांना शिकविलें जात होतें. लढाई संपली कीं परत जावयाचें, या आशेवर सारें उभें होतें. मुलांचे बाप आणि वडील भाऊ त्यासाठींच इटलींत माँते कासीनोच्या डोंगरावर लढले होते. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें बड्या राष्ट्रांनीं ठरविलें कीं, पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच राहील. जुलैमध्यें ब्रिटन व अमेरिका यांनीं वॉर्सामधील नव्या सरकारला मान्यता दिली, आणि ज्या लंडनच्या सरकारच्या नांवानें ही वसाहत चालली होती त्याची मान्यता गेली. ज्या गांवांकडे परतावयाचें तीं गांवें आतां दुसऱ्या देशांत होतीं. उद्यांचें वचन देणाऱ्या शिक्षिकेला असें कबूल करावें लागलें, कीं तिनें दाखविलेला उद्यांचा दिवस उगवणार नाहीं.

शाळा मात्र बंद पडल्या नाहींत. पुढें तीन वर्षें मुलें वर्ग पुरे करीत राहिलीं, आणि जावें कोठें याचा प्रत्येक कुटुंबानें आपापला निर्णय केला. थोडीं पोलंडास परतलीं. पुष्कळ इंग्लंडला गेलीं, कारण लढाईवरून सुटलेले बाप तेथें होते. कांहीं ऑस्ट्रेलियास, कांहीं कॅनडास. एकाच जागीं परतण्याची आशा ज्यांना शिकविली होती तीं मुलें पांच खंडांत पांगलीं, आणि तेथें त्यांना उपयोगीं पडलें तें नकाशावरचें गांव नव्हे. स्वतःच्या अक्षरांतल्या वह्या, पुरी केलेली इयत्ता, हातीं आलेला धंदा आणि सांभाळलेली भाषा हें त्यांच्या कामास आलें. इंग्लंडांत स्थायिक झालेल्यांनीं पुढें आपला एक संघ काढला आणि सर्वांच्या आठवणी गोळा करून हिंदुस्थानांतील त्या दिवसांचा जाडजूड इतिहास प्रसिद्ध केला. जे वळिवड्यासच निवर्तले त्यांच्या कबरी कोल्हापुरांत आहेत.

१९४८ सालीं वसाहत उठली. तोंवर फाळणी झाली होती. कराचीहून आलेले पोलिश लोक जेथें राहिले त्याच जागीं आतां कराचीकडच्या मुलुखांतून घरदार सोडून आलेलीं सिंधी कुटुंबें येऊन उतरलीं. त्या वस्तीला गांधीनगर हें नांव पडलें. आज तेथें कापडाची मोठी बाजारपेठ आहे. बिऱ्हाडें लागलीं तेव्हां बरोबर मुलें होतीं आणि त्यांच्याही शाळा मागें राहिल्या होत्या.